पंधरा भागिले सव्वीस

दुबईला निघायच्या आदल्या आठवड्यात, २१ नोव्हेंबर २०२५ ला, मी आयुष्यभर शिकवलेला अभ्यासक्रम मोडीत निघाला. चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांच्या पोटात गेले. १९२६ चा ट्रेड युनियन्स ॲक्टही गेला. शंभरीला चारच महिने उरले होते बिचाऱ्याचे. फोनवर मुलगा म्हणाला, "आई, आता तरी ती पुस्तकं रद्दीत घाल." मी हो म्हटलं आणि घातली नाहीत. बॅगेत भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि दोनशे पानी वही भरली. निवृत्त मास्तरणीला वही लागतेच. काही लिहायचं असो वा नसो.

*

एकतिसाव्या मजल्यावरून खाली मरीना दिसते. मला आधी वाटलं, समुद्राचा फाटा आत आलाय. नातीने दुरुस्त केलं : "आजी, हे खणलंय." तीन किलोमीटर लांबीचा कालवा, वाळवंट खणून समुद्राचं पाणी आत घेतलेलं. पहिला टप्पा २००३ साली पुरा झाला. म्हणजे ही सगळी वस्ती माझ्या शिकवण्याच्या नोकरीहून तरुण.

समोर तो पिळलेला बुरूज आहे, कायान टॉवर. तळापासून शेंड्यापर्यंत अंगाला नव्वद अंशांचा पीळ. २०१३ साली उघडला. त्याच्या पायाचा खड्डा खणून झाला होता तेव्हा, २००७ मध्ये, मरीनाची भिंत फुटून पाणी आत शिरलं आणि काम वर्षभराहून जास्त रखडलं. पर्यटकांच्या बोटीवरचा भोंगा बुरुजाची उंची सांगतो, मजले सांगतो, पीळ सांगतो. खड्ड्यातून पळत वर आलेल्यांचं सांगत नाही. मला सवयीने प्रश्न पडतो : त्या बंद पडलेल्या दिवसांची हजेरी लागली का?

*

पहिला वर्ग परळला घेतला, १९७९ च्या पावसाळ्यात. युनियनच्या कचेरीतली माडी, गळकं छप्पर, समोर पहिली पाळी संपवून आलेले चाळीसेक गिरणी कामगार. कानात अजून मागांचा खडखडाट, त्यामुळे सगळे मोठ्याने बोलत. मी चोवीस वर्षांची, एम.ए. ची शाई ओली. मी 'कामगार' या शब्दाची कायद्यातली व्याख्या फळ्यावर लिहिली. साचेखात्यातला एक जण, माझ्या वडिलांच्या वयाचा, शांतपणे म्हणाला, "बाई, ते आम्ही आहोत. पुढचं सांगा."

पुढचं काय, ते मला ठाऊक नव्हतं.

*

नंतरची चौतीस वर्षं मी दोन वर्गांमध्ये ये-जा केली. एक युनियनचा वर्ग. तिथे काम माहीत, कलम माहीत नाही. दुसरा विद्यापीठाचा, लग्नानंतर पुण्यात, संध्याकाळी सहा ते साडेआठ, डी.एल.एल. अँड एल.डब्ल्यू. नावाचा लांबलचक डिप्लोमा. कामगार कायदे आणि कामगार कल्याण. तिथे कलम तोंडपाठ, पण लोखंडाची गरम चिप उडून हाताला कशी चटका देते ते माहीत असणारा वर्गात एखादाच. बाकीच्यांना पर्सनेल ऑफिसर व्हायचं असे. त्यात वाईट काही नाही. पण गंमत अशी की कामगारांच्या बाजूने लढून मिळवलेले कायदे मी वर्षानुवर्षं टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांना शिकवत होते. परीक्षेत मार्कही भरभरून देत होते.

दोन वर्ग एका खोलीत बसवायचे, ही माझी जुनी हौस. दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी डिप्लोमावाले आले नाहीत. दुसऱ्या वेळी दोन्हीकडचे आले आणि आपापल्या भिंतीला टेकून बसले.

*

पंधरा भागिले सव्वीस. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याचा हा मंत्र. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. वर्गात कोणी विचारायचं, "सव्वीस का? महिना तर तीसचा." महिन्यातले चार रविवार काढले की उरतात ते कामाचे दिवस, म्हणून सव्वीस. भागाकार लहान आकड्याने झाला की उत्तर मोठं येतं. हे एकदा कळलं की माणूस पगाराची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवत नाही, वाचतो. युनियनच्या वर्गात मी मार्क्सपासून सुरुवात करून पाहिली, फुल्यांपासून करून पाहिली. सगळ्यात शांत वर्ग मिळाला तो या भागाकाराला.

*

८२ च्या संपाच्या आधीचे दिवस. मी मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ शिकवत होते. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, वाटाघाटी तिच्याशीच. मागून प्रश्न आला, "बाई, कायद्याने जो आमचा प्रतिनिधी तो आम्हाला नको, आणि आम्हाला जो हवा तो कायद्याला दिसत नाही. मग परीक्षेत काय लिहायचं?" परीक्षा नव्हतीच. तो विनोद होता. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी त्याचं उत्तर लिहिलं. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, आणि तो संप आजतागायत कोणी रीतसर मागे घेतलेला नाही. माझ्या त्या वर्गातले पुढे भाजीच्या गाडीवर भेटले, वॉचमनच्या खुर्चीवर भेटले. दोघे आखातात गेले, असं ऐकलं. पत्ता कोणाकडेच नव्हता.

*

दुबईत ट्रामने हिंडायला मला आवडतं. अकरा स्टेशनं, माणसांनी भरलेली, स्वच्छ. एका स्टेशनचं नाव आहे नॉलेज व्हिलेज. ज्ञानाचं खेडं! आसपास परदेशी विद्यापीठांच्या शाखा आहेत, पुण्याचं सिंबायोसिससुद्धा. मेट्रोचं मरीनाचं स्टेशन मात्र एका बिल्डरच्या नावाने ओळखलं जातं, सोभा रिअल्टी. आमच्याकडे लोअर परळला ना. म. जोशी मार्ग आहे. त्या मार्गावर आता बिल्डरांचे टॉवर आहेत, तेव्हा फार फुशारकी नको.

*

ना. म. जोशी. मार्ग सगळ्यांना ठाऊक, माणूस फारसा नाही. १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावात जन्म. आधी आठ वर्षं शाळामास्तर. मग १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आणि १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग. रात्रशाळा, वाचनालयं, कामगार वस्तीतली व्याख्यानं. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून हे गृहस्थ गेले. १९२० साली आयटक ही कामगार संघटनांची मध्यवर्ती संघटना स्थापन करणाऱ्यांत होते. १९२६ च्या त्या कायद्यासाठी मध्यवर्ती कायदेमंडळात पाच वर्षं आधीपासून टुमणं लावलं होतं, तेही यांनीच.

मला त्यांच्यात काय आवडतं? ते मास्तरच राहिले. जहाल मंडळींना ते मिळमिळीत वाटायचे. १९२९ ला नागपूरला आयटक फुटली, कारण कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार घालायचा की आत बसून साक्षी काढायच्या, हा वाद. जोशी आत बसले, कमिशनचे सभासद म्हणून. तरुणपणी मला हे बोटचेपं वाटे. नंतर मीही विद्यापीठाच्या समित्यांवर बसू लागले आणि मत जरा मवाळ झालं. मत सुधारलं म्हणून की सोय झाली म्हणून, ते सोडून देते.

*

सुनेने विचारलं, "आई, तुम्ही नेमकं काय शिकवायचात?" दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, "सात."

जुन्या कायद्यात युनियन नोंदवायला किमान सात सभासदांच्या सह्या लागत. २००१ ला त्यात दहा टक्के किंवा शंभर यांतलं जे कमी असेल त्याची भर पडली, पण किमान सात राहिलेच. पहिल्या तासाला मी हेच सांगायची. सहावा कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. सातवा शोधावा लागतो. तो बहुधा बदलीवाला असतो, किंवा ज्याची बहीण लग्नाची आहे असा.

सून म्हणाली, "आणि इथे?"

इथे युनियन नाही. तशी मुभाच नाही. एकट्याने किंवा अनेकांनी मिळून मंत्रालयाकडे तक्रार करता येते, आणि लोक करतात. पण सह्यांचा कागद घेऊन कोणी कोणाच्या दारात जात नाही. २००६ साली बुर्ज खलिफाच्या जागेवर, तेव्हा त्याचं नाव बुर्ज दुबई होतं, अडीचेक हजार कामगारांचा भडका उडाला. त्याच सुमारास युनियनला परवानगी देणारा कायदा येणार अशी घोषणाही झाली. तो आला नाही. दुसऱ्या मार्गाने बरंच आलं : पगार बँकेतूनच द्यायचा आणि सरकारने तो पाहायचा, ही पद्धत २००९ पासून, उन्हाळ्यात भर दुपारी उन्हातलं काम बंद, हे २००५ पासून (आता १५ जून ते १५ सप्टेंबर, साडेबारा ते तीन). मग २०२१ चा नवा कामगार कायदा. वरून आलेला कायदा वाईटच असतो असं नाही. पण तो वाचून दाखवणारं कोणी असावं लागतं.

मुलगा पेपरातून मान न काढता म्हणाला, "आई, इथे वर्ग नको हं भरवूस."

*

सोनापूर. कामगारांच्या बस संध्याकाळी मरीनातून निघतात त्यातल्या काही तिकडे जातात, असं ड्रायव्हरने सांगितलं. नकाशात नाव मुहैस्ना. भारतीयांनी ठेवलेलं नाव सोनापूर. हिंदी माणसाला त्यात सोन्याचं नगर ऐकू येतं. माझ्या अंगावर काटा आला. जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सची स्मशानभूमी. माझी आजी 'म्हातारा सोनापूरला गेला' म्हणायची ते त्या अर्थाने. आणि योगायोग असा की मायदेशी पाठवायचे मृतदेह जिथे तयार करतात ते केंद्रही इथल्या सोनापुरातच आहे. हे मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. कोणी हसलं नाही, बरोबरच आहे.

*

८ डिसेंबर. बाबा गेले.

पुण्याहून निरोपांवर निरोप. बाबा आढाव, वय ९५. मी गॅलरीत जाऊन बसले. खाली एका बोटीवर कोणाचा तरी वाढदिवस चालू होता.

बाबा डॉक्टर. पुण्यात नाना पेठेत दवाखाना. हमालांच्या पाठी तपासता तपासता हमाल पंचायत उभी केली. 'एक गाव एक पाणवठा' सगळ्यांना माहीत असतं. माझ्या वर्गात मी माथाडी कायदा शिकवायची, १९६९ चा. मुंबईत त्यामागे अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा. हमालाला मालक एक नसतो. सकाळी एक व्यापारी, दुपारी दुसरा. मग ग्रॅच्युइटी कोणाकडे मागायची, प्रॉव्हिडंट फंड कोण कापणार? या कायद्याने मंडळ मध्ये उभं केलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने हमालाला पगार द्यायचा, फंड ठेवायचा. बिनमालकाच्या कामगाराला कागदावर मालक मिळाला. जगभर आज ज्यांना 'गिग' कामगार म्हणतात, त्यांच्याबद्दल परिसंवाद चालतात. मला वाटतं, त्या परिसंवादवाल्यांना एकदा मार्केट यार्डात हिंडवून आणावं.

एकदा बाबांना मी वर्गात बोलावलं, डिप्लोमाच्या. आले, बसले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, तुमच्यापैकी कितींनी पन्नास किलोचं पोतं उचललंय? दोन हात वर झाले. उरलेला तास ते त्या दोघांशीच बोलले. बाकीच्यांनी विभागप्रमुखांकडे तक्रार केली.

*

बाबांवरून आठवलं ते लिहून ठेवते, कारण हे मी कायम अर्धवट सांगते.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे आवारात प्रौढ आणि निरंतर शिक्षणाचा विभाग होता. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण तिथे शिकवायच्या. नव्वदच्या सुमारास त्यांचं साक्षरतेचं काम कचरा वेचणाऱ्या बायकांच्या वस्त्यांत गेलं. बायकांना अक्षरांची घाई नव्हती. त्यांना हवा होता सुका कचरा वेगळा करून, कुंडीत हात घालावा न लागता. शिकवणाऱ्या त्यांच्याबरोबर पहाटे कचरा वेचत हिंडल्या, मग सोसायट्यांना कचरा वेगळा करायला लावला. पुढे एका भागात कोणी गाडी लावून तोच कचरा उचलायला लागलं, तेव्हा बायका आडव्या आल्या : हे आमचं पोट आहे. १९९३ साली पुण्यात मेळावा झाला, बाबा पाठीशी होते आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत जन्माला आली. युनियन, पण मालक नसलेल्यांची. पुढे महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र आलं. कागदाचा एवढासा तुकडा, पण तो गळ्यात असला की वॉचमन आणि पोलीस 'ए' न म्हणता 'बाई' म्हणतात. २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते.

माझं म्हणणं एवढंच, की माझे दोन वर्ग तिथे एकत्र बसले. कर्वे रस्त्यावर, माझ्या कॉलेजपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मी काय करत होते तेव्हा? उत्तरपत्रिका तपासत होते. एका प्रश्नात 'असंघटित कामगारांच्या समस्या स्पष्ट करा' असं होतं, १० गुण.

*

आंबेडकरांचं प्राध्यापकपण आपण विसरतो. सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, नंतर सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. त्याच काळात १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष, ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा संप. आणि १९४३ च्या सप्टेंबरात, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, दिल्लीत ट्रेड युनियन कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात समारोपाचं भाषण. त्यात त्यांनी कामगारांना चांगलंच झापलंय. रूसो, मार्क्सचा जाहीरनामा, पोप लिओचं मजुरांविषयीचं पत्रक आणि मिलचं स्वातंत्र्यावरचं पुस्तक एवढं तरी वाचा. तुम्ही राजाराण्यांच्या खोट्यानाट्या गोष्टींत रमता, असा त्याचा आशय. पोपचं नाव त्या यादीत आहे हे मी वर्गात सांगितलं की डावे आणि उजवे दोघेही चुळबुळ करायचे. मंत्री आपल्या खात्याच्या लाभार्थ्यांना वाचनाची यादी देतो, हे पुन्हा कधी झालं असेल?

*

नारायण सुर्व्यांच्या १९६६ च्या संग्रहाचं नाव 'माझे विद्यापीठ'. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेलं पोर, शाळेत शिपाई, मग त्याच महापालिकेच्या शाळेत शिक्षक. मला ते नाव नेहमी जरा टोचायचं. आमच्या विद्यापीठाला कोणी 'माझे' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

*

इंग्लंडातली एक गोष्ट, वर्गात हमखास चालणारी. ऑक्सफर्डला कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघालं, १८९९ साली. दहा वर्षांत विद्यार्थीच संपावर गेले, कारण त्यांच्या मनाजोगत्या प्राचार्यांना काढलं आणि अभ्यासक्रम जास्त 'विद्यापीठी' करायचं चाललं. त्यांनी सरळ दुसरं कॉलेज काढलं. आपल्याकडे नागपूरला १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ निघालं. शिक्षण अधिकारी कामगारांतल्याच निवडक लोकांना तीन-तीन महिने शिकवणार, ते परत जाऊन आपल्या कारखान्यात वर्ग घेणार. कल्पना सुरेख. पण सरकारी गाडीत बसून संपाबद्दल किती शिकवता येतं, याला मर्यादा होती. चहा मात्र वेळेवर यायचा.

*

दुपारी मरीनाच्या फरसबंदीवर बाबागाड्यांची रांग लागते. ढकलणाऱ्या फिलिपिनो, श्रीलंकन, नेपाळी, इथिओपियन. बाकावर टेकल्या की फोनवर आपापल्या मुलांशी बोलतात, समोर दुसऱ्याचं मूल. घरकामगारांसाठी इथे वेगळा कायदा आहे, २०१७ चा, २०२२ मध्ये बदललेला. महाराष्ट्रात २००८ चा, मंडळाचा.

पण कायद्याआधी पुण्यात १९८० ला मोलकरणींनी संप केला होता, कोणी न सांगता. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत बातमी पसरली ती बायकांच्या पायांनी. त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. माझ्या घरची बाई तेव्हा आली नाही आणि मी, कामगारांना शिकवणारी, उष्ट्या भांड्यांपुढे उभी राहून चिडले होते. ते चिडणं मी कुठल्याच वर्गात सांगितलं नाही. वहीत सांगायला हरकत नाही.

*

रविवार. खाली बांधकामाची क्रेन आज हलत नाही. पूर्वी इथे सुटी शुक्रवारची. २०२२ पासून सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवारवर आल्या आणि बऱ्याच साइटही रविवारवर. नातीला सांगितलं की आपल्याकडचा रविवार कोणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, एका गिरणीत स्टोअरकीपर. १८९० च्या एप्रिलात मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, दोन बायकाही बोलल्या, आणि त्या १० जूनपासून गिरण्यांना रविवारची सुटी. नात म्हणाली, "म्हणजे त्याआधी संडेला कार्टून नव्हतं?"

*

माझा एक डिप्लोमाचा विद्यार्थी इथे एचआर मॅनेजर आहे. मरीनातल्याच एका टॉवरात बसतो. भेटायला आला, हातात खजुराचा डबा. पहिल्या बाकावरचा मुलगा, आता केस पांढरे. "मॅडम, तुमच्या नोट्स अजून आहेत माझ्याकडे." पाण्याकडेला चालत गेलो. तो त्याच्या कामाबद्दल चांगलं बोलला : पासपोर्ट ठेवून घेत नाहीत, भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारत नाहीत, दोन्ही इथल्या कायद्याने बंद आहे. मग म्हणाला, "पण मॅडम, खरं सांगू? आमच्या कंपनीत लेबर लॉ फक्त मी वाचलाय."

मी विचारलं, "आणि वाचून दाखवतोस का कोणाला?"

त्याने खजूर पुढे केला.

*

आमच्या इमारतीच्या लॉबीत झाडलोट करणारा एक तरुण खेड तालुक्यातला. पहिल्या दिवशी मी लिफ्टपाशी मराठीत पुटपुटले तर मागून आवाज आला, "मावशी, तुमी पुन्याच्या काय?" त्याच्या आजोबांचे वडील बोटीवर खलाशी होते. १९६६ पर्यंत इथे रुपयाच चालायचा, हे घरात ऐकलेलं त्याला माहीत होतं. म्हटलं तर दुबई कोकणाला पुण्यापेक्षा जवळ.

काल त्याने विचारलं, सात वर्षं झाली, सोडून गेलो तर किती मिळतील? पगार १४०० दिरहम. मी वही काढली. बाकावर बसले मी, या टोकाला. तो उभाच. मी बस म्हटल्यावर बसला.

"चौदाशेवर नाही," मी म्हटलं. "बेसिक किती?" नऊशे. इथलं सूत्र वेगळं : पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, पुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. दिवसाचे तीस दिरहम. पाच वर्षांचे १०५ दिवस, दोन वर्षांचे ६०. एकूण १६५ गुणिले तीस. ४९५०. तो आकडा त्याने तीनदा वाचला. मग म्हणाला, "म्हंजे पगार चौदाशे म्हनत्यात तो नावाचा?" नावाचा नाही, खर्चायचा आहे, पण मोजायचा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पिंपरीतल्या वर्गात हाच चेहरा पाहिला होता मी.

*

आज माझ्या विद्यार्थ्याला फोन करून आकडा पडताळला. सवय. तो लगेच म्हणाला, "सूत्र बरोबर आहे मॅडम. पण बिनपगारी रजा घेतली होती का विचारा. ते दिवस सेवेत धरत नाहीत." बरं झालं विचारलं. २०२० मध्ये खेडच्या पोराला चार महिने बिनपगारी घरी पाठवलं होतं. म्हणजे सहा वर्षं आठ महिने. १०५ अधिक ५०, गुणिले तीस.

४९५० वर काट मारली, ४६५० लिहिलं. विद्यार्थी म्हणाला, "त्यालाच द्या ना फोन, मी सांगतो." दिला. दोघं पाच मिनिटं बोलले, एक एकोणिसाव्या मजल्यावरून, एक लॉबीतून. पोरगा 'सर, सर' म्हणत होता. पण मध्येच एकदा ठामपणे म्हणाला, "नाय सर, तारीख सांगतो ना मी, लिवून ठेवलीय."

*

संध्याकाळी तो पुन्हा आला, कामाचा गणवेश बदलून. फोनमध्ये करारांचे फोटो होते, अरबी आणि इंग्रजी असे दोन रकाने. खोलीतल्या बाकीच्यांचे.

"किती जण आहात खोलीत?"

"आठ. एक नको म्हनला."

मी चष्मा पुसला आणि पहिला फोटो बोटांनी मोठा केला. बेसिक साडेसातशे.